‘नागावचं घर’ ग्रुप: गणपती आठ दिवसांवर आणि मागे डबकं

वहिनी: [फोटो] काल आम्ही दोघं झाडायला-पुसायला म्हणून नागावला गेलो होतो. हा आपला स्विमिंग पूल. गणपतीला २२ पानं जेवायला आणि मागच्या दारी हे. मी कोणाचं नाव घेत नाहीये

बंटी: वहिनी फोटोला फिल्टर लावलाय का 😄

वहिनी: फिल्टर लावला असता तर ही वेळ आली नसती बंटी

आत्या: अगं बाई मला आधी भाताचं खाचरच वाटलं

मोठेकाका: पाणी काढून टाका, खराट्याने घासा, चार टँकर मागवा. विषय संपला.

दादा: काका पावसाळ्यात पूर्ण रिकामा नको. आपली विहीर बघा केवढी वर आलीये, जमिनीतलं पाणी रिकाम्या टाकीला खालून रेटतं, तळ उचलला गेला नि तडे पडले की टँकर स्वस्त वाटतील

मोठेकाका: आम्ही दरवर्षी विहीर उपसायचो. काही उचललं गेलं नाही.

दादा: ते वैशाखात काका

बंटी: २०१६ ला रिओ ऑलिंपिकला डायव्हिंगचा पूल पण असाच हिरवागार झालेला. आपण इंटरनॅशनल लेव्हलला आहोत लोकहो

ताई डॅलस: तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं, त्याने क्लोरीनच संपला. आपल्यात कोणी काय ओतलंय ते आधी सांगा

वहिनी: ब्लीचिंग पावडर. अख्खी पिशवी, परवा. केअरटेकर म्हणाले फोनवर सांगितलं तसं केलं

मोठेकाका: मी सांगितलं. त्यात लपवायचं काय? विहिरीत तेच टाकतात.

ताई डॅलस: चूक नाही काका पण त्यात चुन्याचा न विरघळणारा गाळ फार असतो, हिरव्यावर दुधाळ दिसतंय ते त्यामुळे. आणि उन्हाळ्यात काय घालत होते?

बंटी: टीसीसीएच्या, म्हणजे क्लोरीनच्या गोळ्या. मीच आणायचो, स्वतःच्या खिशातून, हे कोणाला आठवत नाही

ताई डॅलस: आठवतं रे. पण त्या गोळ्यांमधून सायन्युरिक ॲसिड पाण्यात साठत जातं, ते उडून जात नाही, फार झालं की क्लोरीन असून नसल्यासारखा. पावसाने पूल ओसंडला असेल तर कमीही झालं असेल, मोजल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही

मोठेकाका: पाणी काढून टाका, खराट्याने घासा, चार टँकर.

आत्या: गप्पी मासे सोडा. हिवतापवाले फुकट देतात, डासांच्या अळ्या खातात

ताई डॅलस: आत्या क्लोरीनने मरतील ते

आत्या: मग क्लोरीन नका घालू

बंटी: विसर्जन पण तिथेच उरकू, समुद्रापर्यंत ट्रॅफिक असतो

वहिनी: बंटी. देवाच्या बाबतीत नको

दादा: आत्ताच केअरटेकरांशी बोललो. फिल्टरची मोटर जूनपासून रोज एकच तास चालते. "मोठे मालक म्हणाले पावसात कोण पोहतंय"

मोठेकाका: जूनचं बिल बघितलंस? भरतं कोण? वर्गणी कोणाकोणाची बाकी आहे त्याची यादी टाकू का इथे?

दादा: *हा मेसेज डिलीट केला आहे*

आत्या: काय होतं ते? मी चष्मा आणेपर्यंत गेलं

ताई डॅलस: पुरे. लिहून देते. पूल ८ बाय ४ मीटर, सरासरी खोली १.२ म्हणजे ३८,००० लिटर. आधी जाळीने पानं नि गाळ काढा, पीएच ७.२ ते ७.४ वर आणा. मग ऊन उतरल्यावर १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट चार लिटर, क्लोरीन साधारण १० पीपीएमने (लिटरमागे १० मिलिग्रॅम) वाढेल, उन्हात घातलंत तर उडून जाईल. भिंतींना ब्रश मारायचाच, शेवाळ चिकटून बसतं. मोटर चोवीस तास, फिल्टरच्या प्रेशरचा काटा नेहमीपेक्षा ८-१० पीएसआयने वर गेला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायचा. रोज संध्याकाळी परत मोजून परत घालायचं, रात्रीतून क्लोरीन उतरायचा थांबेपर्यंत. आणि ॲसिड नि क्लोरीन एकाच बादलीत कधीही नाही, विषारी वायू होतो. शेडमधल्या गोळ्या नि पावडर पण एकत्र करू नका, पेट घेतं

वहिनी: ताई राग मानू नका पण तिकडून लिहायला बरं असतं, ब्रश मारायला इथे मीच

मोठेकाका: माझ्या आईने आयुष्यभर तुरटी फिरवून पाणी पाजलं आम्हाला. तुरटी का नाही?

ताई डॅलस: चालेल की काका, पण शेवाळ मेल्यावर. मोटर बंद ठेवून गाळ तळाशी बसू द्यायचा आणि व्हॅक्यूमने थेट गटाराकडे सोडायचा, फिल्टरमधून घेतला तर फिल्टर तुंबेल

मोठेकाका: हेच मी म्हणत होतो.

बंटी: 🙏

(बुधवार)

दादा: हिरवा गेला, आता राखाडी. तीन बॅकवॉश झाले. एक दिवड निघाली, सोडली पलीकडे

आत्या: साप????

दादा: बिनविषारी आहे आत्या

मोठेकाका: म्हणून म्हणतो पाणी काढून टाका.

(शुक्रवार)

वहिनी: [फोटो] तळ दिसला. काकांची तुरटी लागू पडली, ताईंचंही खरं

मोठेकाका: बिल दादाकडे पाठवतो.

वहिनी: बंटी, तू म्हणाला होतास मे महिन्यानंतर इथे कोणी उतरलंच नाही. दोन पांढऱ्या खुर्च्या मी जूनपासून शोधतेय. त्या तळाशी आहेत. मधे टीपॉयपण आहे

बंटी: *हा मेसेज डिलीट केला आहे*