ईव्हीच्या योजनांमध्ये लहान शेडचं काय?

भोसरीकर:
भोसरी एमआयडीसीत आमचं लहान शेड आहे. तीन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीनं), दोन लेथ, अकरा माणसं. दुचाकीच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह गाइड आणि गिअरचे शाफ्ट, सगळं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या ऑर्डरवरचं काम. ईव्हीला, म्हणजे विजेवरच्या गाड्यांना, माझा विरोध नाही. पण २०२१ साली वाहन उद्योगासाठी २५,९३८ कोटींची पीएलआय (उत्पादनाला प्रोत्साहन देणारी) योजना आली, तिची अट वाचा. सुटे भाग बनवणाऱ्या समूहाची उलाढाल किमान ५०० कोटी हवी, शिवाय यंत्रं-इमारतींसारख्या मालमत्तेत १५० कोटी गुंतलेले हवेत. भोसरी-चाकणमधली किती शेडं यात बसतील? ईव्हीला व्हॉल्व्ह नाही, पिस्टन नाही, सायलेंसर नाही. काम आमचं जाणार आणि मदत मोठ्यांना मिळणार. गाडीमागे गिऱ्हाइकाला पैसे देणं थांबवा आणि तेच आमच्या नव्या मशीनच्या व्याजाला, ऑपरेटरच्या ट्रेनिंगला द्या.

चार्जिंगवाला:
दादा, तुमची अडचण खरी आहे, पण उपाय चुकतोय. गिऱ्हाईकच नसेल तर नव्या मशीनवर बनवणार काय? फेम-२, म्हणजे विजेच्या गाड्यांवर अनुदान देणारी केंद्राची योजना, २०१९ पासून होती, तरी सुरुवातीला स्कूटर फारशा खपल्या नाहीत. जून २०२१ मध्ये अनुदान बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॉट-तासाला १०,००० वरून १५,००० रुपये झालं, आणि मग लोक शोरूममध्ये जायला लागले. मीही तेव्हाच घेतली. ज्या आकुर्डीत बजाजची जुनी चेतक स्कूटर बनायची, तिथेच आज विजेवरची बनते. मागणी दिसली म्हणूनच तो कारखाना उभा राहिला.

भोसरीकर:
मान्य, सुरुवातीला धक्का लागतोच. पण त्याच फेम-२ मध्ये काही कंपन्यांनी बाहेरून आणलेले भाग लावले. देशी भागांची अट मोडली म्हणून केंद्राला त्यांच्याकडून अनुदान परत मागावं लागलं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटरमध्ये लागणाऱ्या मॅग्नेटच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा आपल्याकडे मोटर बनवणारे हवालदिल झाले. गाडीवर नाव आपलं असून उपयोग काय, आतला जीव बाहेरचाच असेल तर?

चंद्रपूरकर:
आणि ती वीज कुठली? आमच्याकडे कोळसा जळतो, राख आमच्या अंगणात पडते. पुण्याची हवा स्वच्छ झाली म्हणून आम्ही खूश व्हायचं का?

हडपसरची प्रवासी:
चंद्रपूरकर, तुमचा राग समजतो. पण धूर सोडणाऱ्या बसमागे रोज उभं राहणाऱ्यालाही दम लागतो. तुम्ही सगळे स्कूटर आणि कारखान्याचंच बोलताय. पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, विजेच्या बस २०१९ मध्ये आल्या, भेकराईनगरला त्यांचा डेपो झाला. त्या बसमध्ये शेजारणीशी हळू आवाजात बोलता येतं, ही केवढी सोय! फेम-२ नंतर आलेल्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेमध्ये पुण्यासह नऊ शहरांसाठी १४,०२८ बस धरल्या आहेत. एक बस दिवसभरात किती माणसं नेते! अनुदान द्यायचं तर आधी तिथे द्या, लाखभराची स्कूटर परवडणाऱ्याला कशाला?

चार्जिंगवाला:
ताई, त्या स्कूटरवर जेवण पोचवणारी पोरंही असतात. त्यांचं पेट्रोल वाचतं, म्हणजे रोजची कमाई वाढते. आणि अनुदान कमी होतच आलंय: २०२३ मध्ये पुन्हा १०,००० झालं, ई-ड्राइव्हमध्ये ५,००० आणि मग २,५००. भोसरीकरदादा, लहान शेडसाठी वेगळी योजना मागा, मी तुमच्या बाजूने बोलेन. पण गिऱ्हाइकाचे काढून तुम्हाला द्या, हे मला पटत नाही.

भोसरीकर:
काढायला आता उरलंय किती, हे तुम्हीच सांगितलंत. मुद्दा असा, की जे वाचलं ते आमच्याकडे वळलं नाही. गेल्या महिन्यात ईव्ही मोटरच्या शाफ्टची चौकशी आली होती. मोजमाप इतकं बारीक, की नवं ग्राइंडिंग मशीन घेतल्याशिवाय जमणार नाही. बँक म्हणते, आधी ऑर्डर दाखवा. कंपनी म्हणते, आधी मशीन दाखवा. माझा सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा कारागीर, बावीस वर्षं माझ्याकडे आहे. त्याला मी काय सांगू?