हॉलमधल्या टीव्हीला छोटा संगणक जोडावा की नाही?

खटपट्या (धागालेखक):
टीव्हीखाली काय ठेवायचं असं कुणी विचारलं की 'स्ट्रीमिंग बॉक्स घ्या आणि मोकळे व्हा' हे उत्तर ठरलेलं असतं, म्हणजे नेटवरचे चित्रपट-मालिका टीव्हीवर दाखवणारी तयार डबी. मला ते पटत नाही. ज्यांच्याकडे स्वतःच्या फायली आहेत, म्हणजे डिस्कवरून उतरवून घेतलेले चित्रपट, घरच्या कार्यक्रमांची चित्रणं, गाण्यांचा साठा, त्यांनी तळहातावर मावणारा मिनी पीसीच घ्यावा.

फार ताकदीचा लागत नाही. इंटेल एन१०० (२०२३) हा चार कोअरचा, ६ वॅटचा प्रोसेसर आहे. १०-बिट एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ या तिन्ही व्हिडिओ-फॉरमॅटचं डिकोडिंग (दाबून साठवलेलं चित्र उलगडणं) तो हार्डवेअरमध्ये करतो, त्यामुळे फोर-के चित्रपट चालू असतानाही कोअर जवळपास निवांत असतात. ८ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क पुरे, कारण चित्रपट त्यावर ठेवायचेच नाहीत, ते बाहेरच्या डिस्कवर किंवा घरच्या सर्व्हरवर (फायली पुरवणाऱ्या दुसऱ्या संगणकावर) राहतील. विंडोज काढून लिब्रेएलेक टाका, म्हणजे फक्त कोडी हा मीडिया प्लेयर चालवणारी लिनक्स प्रणाली. दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्ह तयार करायचा, मिनी पीसी त्यावरून बूट करायचा आणि इन्स्टॉल निवडायचं. नंतर चालू केलं की थेट कोडी समोर येतं, मध्ये डेस्कटॉप नाही.

दोन सेटिंग्ज मात्र चुकवू नका. प्लेयरच्या सेटिंग्जमध्ये 'अॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' हे 'ऑन स्टार्ट/स्टॉप'वर ठेवा. मग सेटिंग्जची पातळी 'एक्स्पर्ट' करून डिस्प्लेच्या व्हाइटलिस्टमध्ये (कोडीला वापरायची मुभा असलेल्या दरांच्या यादीत) १०८०पी आणि २१६०पीचे २३.९७६पासून ६०पर्यंतचे सगळे दर निवडा. मेनू १०८०पीवरच राहू द्या. फोर-के चित्रपट लावला की टीव्ही आपोआप फोर-केवर जातो.

पहिल्या सेटिंगचा आग्रह यासाठी की चित्रपट सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा आणि टीव्ही ६० हर्ट्झवर असला की एक फ्रेम दोनदा दिसते, पुढची तीनदा. ३३ मिलिसेकंद, ५०, परत ३३, परत ५०. शेवटची श्रेयनामावली वर सरकताना नीट बघा: ओळी एकसारख्या चढत नाहीत, थरथरत चढतात. एकदा हे नजरेत भरलं की पुढे प्रत्येक चित्रपटात दिसतं. २४ आणि २३.९७६ हे दोन्ही दर वेगळे निवडायचे तेही त्यासाठीच. २३.९७६ची फायल २४वर चालवली तर साधारण दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम जास्तीची दाखवावी लागते.

साधंसोपं:
फायलींपुरतं मान्य. पण हॉलमधला टीव्ही घरातल्या सगळ्यांचा असतो आणि बहुतेक वेळ त्यावर ओटीटीच चालू असतं. तिथे तुमचा मिनी पीसी मार खातो. लिनक्सच्या ब्राउझरला वाइडवाइनची (ओटीटीच्या कॉपी-संरक्षणाची) सर्वांत खालची एल३ पातळीच मिळते, म्हणजे पैसे भरूनही फोर-के आणि एचडीआर (उजेड-अंधाराची जास्त व्याप्ती) नाही. विंडोजवर नेटफ्लिक्सचं फोर-के हवं तर एज ब्राउझर किंवा त्यांचं अॅप, एचईव्हीसी एक्स्टेन्शन आणि पीसीपासून टीव्हीपर्यंतच्या प्रत्येक कडीत एचडीसीपी २.२ (केबलवरचं कॉपी-संरक्षण) लागतं. मध्ये एखादा जुना रिसीव्हर (स्पीकर चालवणारं यंत्र) आला की काही न सांगता चित्र खालच्या दर्जावर येतं, आणि शोधणारा केबल बदलत बसतो.

डॉल्बी व्हिजन या एचडीआर प्रकाराचंही तेच. त्यातल्या प्रोफाइल ५ या उपप्रकाराची फायल ते न ओळखणाऱ्या प्लेयरवर लावा, चेहरे हिरवे-जांभळे दिसतात. टीव्ही बिघडलेला नसतो. त्या फायलीतले रंग वेगळ्याच पद्धतीने लिहिलेले असतात आणि प्लेयर ते नेहमीचे समजून वाचतो. चांगला बॉक्स हे बिनबोभाट करतो.

आणि रिमोट? बॉक्सचं एक बटण दाबलं की टीव्हीही चालू होतो. बहुतेक मिनी पीसींना एचडीएमआय-सीईसी (जोडलेली यंत्रं एकाच रिमोटने चालवण्याची सोय) नसतंच. आजी-आजोबांच्या हातात कीबोर्ड द्यायचा का?

खटपट्या:
सीईसीचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर इलाज आहे. यूएसबी-सीईसी अडॅप्टर मिळतो. तो पीसी आणि टीव्हीच्या मध्ये एचडीएमआय केबलवर बसतो, कोडी त्याला ओळखतं आणि टीव्हीच्याच रिमोटने सगळं चालतं. फक्त अडॅप्टर फोर-के ६० हर्ट्झ पुढे जाऊ देतो का, हे घेण्याआधी तपासा. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असेल तर सीईसी आतच असतं.

ओटीटीवर मी वाद घालणार नाही, ते टीव्हीच्या स्वतःच्या अॅपमध्ये बघावं. पण म्हणून फायलीही टीव्हीच्याच अॅपवर चालवा म्हणाल तर नाही. अनेक टीव्हींचा लॅन पोर्ट आजही १०० एमबीपीएसचाच असतो. फोर-के ब्लू-रेचा दर त्याच्या वर जाऊ शकतो. शांत प्रसंगात काही कळत नाही. पाऊस, धूर, गर्दी असा भरगच्च प्रसंग आला की चित्र अडतं आणि गोल चक्र फिरायला लागतं. दोष सर्व्हरचा नाही, त्या पोर्टचा.

शिवाय 'चांगला बॉक्स' यातला 'चांगला' हा शब्द महत्त्वाचा. प्रमाणित नसलेले स्वस्त अँड्रॉइड बॉक्सही एल३वरच असतात, आणि त्यांतल्या काहींमध्ये कारखान्यातूनच मालवेअर आल्याचं २०२३मध्ये उघड झालं आहे. असा बॉक्स घरच्या वायफायवर घेऊ नये.

कर्णमधुर:
आवाजाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. साउंडबार किंवा रिसीव्हर असेल तर पीसी टीव्हीला नाही, रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला जोडा आणि चित्र तिथून टीव्हीकडे न्या. टीव्हीमार्गे गेलात आणि परतीची वाट साधी एआरसी (टीव्हीकडून आवाज एचडीएमआयनेच रिसीव्हरकडे परत नेणारी सोय) असेल, तर ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे ब्लू-रेवरचे उच्च दर्जाचे आवाज-फॉरमॅट त्यातून जात नाहीत. ते ईएआरसी या तिच्या सुधारित आवृत्तीचं काम. त्यातही बरेच टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत.

कोडीत 'अलाउ पासथ्रू' (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) चालू केल्यावर खाली प्रत्येक फॉरमॅटचा वेगळा खटका असतो. रिसीव्हरला जे येतं तेवढेच चालू करा. सगळे चालू केले तर चित्र दिसतं आणि आवाज येत नाही, कारण कोडीने न उलगडलेला प्रवाह पाठवलेला असतो आणि पलीकडे तो कुणाला वाचता येत नाही. खटका बंद ठेवला तर कोडी स्वतः उलगडून पीसीएम (साधा, उलगडलेला आवाज) पाठवतं. त्यात कमीपणा काही नाही. फक्त अॅटमॉसची उंचीची माहिती, म्हणजे कोणता आवाज डोक्यावरून यायला हवा ते, गळते.

साधंसोपं:
बघा, म्हणजे रिफ्रेश रेट, व्हाइटलिस्ट, सीईसी अडॅप्टर आणि आता पासथ्रूचे खटके. हे सगळं जमवणारा माणूस घरात नसताना काही बिघडलं तर बाकीच्यांनी काय करायचं? माझा विरोध यंत्राला नाही, या अवलंबून राहण्याला आहे. फायली असतीलच तर संगणक आतल्या खोलीत ठेवा, त्यावर जेलीफिन (घरच्या फायली इतर यंत्रांना पुरवणारी सर्व्हर प्रणाली) चालवा आणि हॉलमध्ये बॉक्सच राहू द्या. पंख्याचा आवाजही आतच राहील. टीव्हीमागे चिकटवलेल्या मिनी पीसीला टीव्हीचीच गरम हवा मिळते, आणि बारीक पंखा नेमका शांत संवादाच्या वेळी ऐकू येतो.

खटपट्या:
आत सर्व्हर ठेवण्याला माझी हरकत नाही, उत्तम रचना आहे. पण बॉक्सला एखादा फॉरमॅट आला नाही की सर्व्हर ट्रान्सकोड करायला, म्हणजे फायल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलायला लागतो आणि मूळ चित्राचा दर्जा जातो. चित्रावर कोरावी लागणारी सबटायटल्स हे त्याचं नेहमीचं कारण.

पंख्याचं म्हणाल तर कारण बहुतेकदा बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) असतं. ६ वॅटच्या चिपला अनेक उत्पादक १५ वॅट किंवा जास्त मुभा देतात. पीएल१ची (चिपला सतत वापरता येणाऱ्या विजेची) मर्यादा १० वॅटच्या आसपास आणा. व्हिडिओवर फरक पडत नाही आणि पंखा मंदावतो. पूर्ण शांतता हवी तर बिनपंख्याचा घ्या आणि चहूबाजूंनी हवा खेळेल असा मोकळा ठेवा.

नवखा_प्रेक्षक:
मिनी पीसीला फोर-के ब्लू-रे ड्राइव्ह जोडून थेट डिस्क लावता येईल का? आणि वायरलेस कीबोर्डचा यूएसबी रिसीव्हर मधेच अक्षरं गाळतो, पॉइंटर अडखळतो, असं बरेच जण म्हणतात. ते कशामुळे?

खटपट्या:
डिस्कसाठी हा मार्ग धरू नका. विंडोजवर फोर-के ब्लू-रे अधिकृतपणे चालायला इंटेलचं एसजीएक्स (प्रोसेसरमधला सुरक्षित कप्पा) लागतं आणि ते घरगुती प्रोसेसरमधून ११व्या पिढीपासून गेलं. एन१००मध्ये नाही. डिस्क लावून बघायच्या असतील तर वेगळा ब्लू-रे प्लेयरच बरा, इथे साधंसोपं यांचं 'सोपं, तयार यंत्र घ्या' हे म्हणणं मला मान्य आहे.

कीबोर्डचं कारण शेजारचा यूएसबी ३ पोर्ट. त्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट पसरतो आणि रिसीव्हर नेमका त्याच पट्ट्यात ऐकत असतो. बाहेरची हार्ड डिस्क लावली की त्रास वाढतो. रिसीव्हर यूएसबी २च्या पोर्टमध्ये घाला. शक्य तर अर्ध्या मीटरची एक्स्टेन्शन वायर लावून तो टीव्हीच्या पुढच्या कडेला, सोफ्यावरून दिसेल असा आणा. पीसी टीव्हीमागे असेल तर ही वायर हवीच. मधे अख्खा पडदा धातूच्या पत्र्यासह आडवा येतो.