‘घर’ या चिनी अक्षरात छपराखाली डुक्कर का?

माहीमकर : दादरला मँडरिनच्या वर्गात आम्हाला नुकतेच ‘जिआ’ हे घर किंवा कुटुंब या अर्थाचे अक्षर शिकवले. वर छपराची खूण, खाली डुकराचे जुने अक्षर, अशा एकूण १० रेघा. पूर्वी चिनी लोक घरातच डुकरे पाळत म्हणून हे अक्षर असे झाले, असे शिक्षकांनी सांगितले. माणसाऐवजी जनावर दाखवून घराचा अर्थ निघावा, हे मात्र मला पटत नाही. ही खरी व्युत्पत्ती आहे, की अक्षर लक्षात राहावे म्हणून रचलेली गोष्ट?

पुराणवस्तू : शिक्षकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. चीनच्या हान राजवटीच्या काळातील (इ.स.पू. सुमारे २०० ते इ.स. २२०) थडग्यांत घरांच्या ज्या मातीच्या प्रतिकृती सापडतात, त्यांपैकी काहींत शौचकूप आणि डुकरांचा गोठा एकमेकांना जोडलेले आहेत. मात्र हे अक्षर हान काळाच्या सुमारे १००० वर्षे आधीचे आहे.

काळाचौकी : यावरचा जुना लेखी खुलासा शू शेन यांनी इ.स. १०० च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘श्वोवन जिएत्स’ या कोशात आहे. त्यांच्या मते छप्पर अर्थ सांगते आणि खालचा भाग उच्चार : नर डुकरासाठी ‘जिआ’ याच उच्चाराचे वेगळे अक्षर होते, त्याची उजवी बाजू गाळली गेली आणि डावीकडचे डुक्कर तेवढे उरले. बहुसंख्य चिनी अक्षरे अशी अर्थखूण आणि उच्चारखूण जोडूनच बनली असल्यामुळे यात अशक्य काही नाही. तरीही दुआन यूत्साई (१७३५–१८१५) या त्यांच्या गाजलेल्या भाष्यकारांना हे पटले नाही. छपराखाली बैल असलेल्या ‘लाओ’ या अक्षराचा अर्थ आधी गुरांचा गोठा होता आणि पुढे तुरुंग झाला. त्याचप्रमाणे ‘जिआ’ ही आधी डुकरांची जागा आणि नंतर माणसांची, असे ते म्हणतात.

या दोघांनाही जो पुरावा उपलब्ध नव्हता, तो १८९९ पासून अभ्यासकांच्या हाती येऊ लागला : चीनमधील आन्यांग येथे सापडलेले शांगकालीन अस्थिलेख, म्हणजे हान काळाच्या सुमारे १००० वर्षे आधी हाडांवर व कासवांच्या कवचांवर कोरलेला मजकूर. त्यांतील ‘जिआ’च्या काही रूपांत डुकराच्या पोटाखाली नराची खूण स्पष्ट काढलेली आहे. नुसता गोठा दाखवायचा असता, तर नर-मादीचा भेद करण्याचे कारण नव्हते. म्हणून मला शू शेन यांची बाजू अधिक सबळ वाटते. सुरस व्युत्पत्तीचा मोह आपल्या शहरालाही सुटलेला नाही म्हणा : पोर्तुगीज ‘बोम बाहिया’ (चांगली खाडी) यापासून बॉम्बे झाले असे अजूनही ऐकू येते, पण ‘बाहिया’ स्त्रीलिंगी असल्यामुळे पोर्तुगीजांनी ‘बोआ’ म्हटले असते.

माहीमकर : मनःपूर्वक आभार. मग छपराखाली स्त्री असलेले, शांतता या अर्थाचे ‘आन’ हे अक्षरही उच्चारावरूनच बनले आहे का?

काळाचौकी : नाही. स्त्रीच्या अक्षराचा उच्चार ‘न्यू’ असा असल्यामुळे ते तेथे उच्चारासाठी आलेले नाही. शू शेनही ‘छपराखाली स्त्री’ असा अर्थाचाच संयोग सांगतात. याउलट ‘अक्षर’ या अर्थाच्या ‘त्स’मध्ये छपराखाली मूल आहे. त्याचा मूळ अर्थ जन्म देणे, वाढवणे असा होता आणि मुलाचे चिन्ह तेथे अर्थही देते व उच्चारही. त्यामुळे वर छप्पर दिसले म्हणून सगळ्या अक्षरांना एकच नियम लावता येत नाही. प्रत्येकाचे जुने रूप आणि जुना उच्चार वेगळा तपासावा लागतो.