पर्ल हार्बरची टग 'होगा': तीन वर्ग, एकच बोट?

कालरेषा:
अमेरिकन नौदलाच्या 'होगा' या टगचा (मोठी जहाजं ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटीचा) सेवा-इतिहास जुळवतोय. एका यादीत ती वायटी-१४६ आहे, दुसरीत वायटीबी-१४६, तिसरीत वायटीएम-१४६. १९६२ साली नौदलाच्या दप्तरात तिचा वर्ग बदलल्याची नोंद आहे, पण त्याच काळातले फोटो मात्र 'सिटी ऑफ ओकलंड' नावाच्या अग्निशामक बोटीचे. ही एकच बोट का? आणि डिसेंबर १९४१ चं लॉगबुक कुठे मिळेल? 'यूएसएस होगा' म्हणून शोधलं, हाती काही लागलं नाही.

सुकाणू:
एकच बोट. टगच्या बाबतीत नाव सोडा, आकडा धरा.

वाय म्हणजे यार्ड, टी म्हणजे टग. मे १९४४ मध्ये नौदलाने सगळ्या बंदर-टगांची आकारावरून विभागणी केली: बी मोठी, एम मध्यम, एल छोटी. म्हणून वायटीची वायटीबी झाली, १४६ तसाच राहिला. १९६२ ला ती वायटीएम झाली, म्हणजे एक पायरी खाली. बोट आकसली नव्हती. तोवर जास्त ताकदीच्या नव्या वायटीबी येऊ लागल्या होत्या, त्यांच्यापुढे ही मध्यमच ठरली.

१९६२ चं कोडंही साधं आहे. १९४८ मध्ये होगा ओकलंड बंदराला उसनी दिली गेली. विकली नाही, उसनी दिली. मालकी नौदलाचीच, त्यामुळे कागदावरचे बदल होत राहिले, बोट मात्र तिकडे आगी विझवत होती. तिथे तिचं नाव आधी 'पोर्ट ऑफ ओकलंड', मग 'सिटी ऑफ ओकलंड'. १९९४ ला नौदलाकडे परतली, कॅलिफोर्नियातल्या सुसून बेमध्ये उभी राहिली, आणि २०१५ मध्ये आर्कान्सातल्या नॉर्थ लिटल रॉकच्या संग्रहालयात पोचली.

तुमच्या तक्त्यात तारखेसमोर निदान चार रकाने ठेवा: वर्ग, दर्जा (सेवेत आहे की नाही), ताबा कुणाचा, बोट प्रत्यक्ष कुठे. ताबा आणि जागा एकाच रकान्यात कोंबली की असले घोळ होतात. नौदलाच्या यादीतून वगळल्याची, विक्रीची आणि भंगारात काढल्याची तारीखही वेगवेगळी धरा. मध्ये वर्षं जातात.

दप्तरी:
लॉगबुकाबद्दल. शोधताना 'यूएसएस' (युनायटेड स्टेट्स शिप) आधी काढून टाका. १९०७ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानुसार ती उपाधी फक्त कमिशन झालेल्या, म्हणजे नौदलात औपचारिकपणे दाखल केलेल्या जहाजाला लागते. होगा २२ मे १९४१ ला 'इन सर्व्हिस' झाली, म्हणजे नुसती कामावर रुजू झाली, कमिशन कधीच झाली नाही. हा नुसता शब्दांचा कीस नाही. डेक-लॉग, म्हणजे जहाजाची रोजची लॉगबुकं, कमिशन झालेल्या जहाजांची जपली जातात (अमेरिकेचं सरकारी अभिलेखागार नॅशनल आर्काइव्ह्ज, तिथला कागदांचा गट म्हणजे रेकॉर्ड ग्रुप २४). तिथे यार्ड-टग शोधणं म्हणजे रिकाम्या विहिरीत पोहरा टाकणं.

तिच्या नोंदी बंदराच्या दप्तरात असतात. होगा चौदाव्या नेव्हल डिस्ट्रिक्टची (हवाईचा नौदल विभाग). डिस्ट्रिक्ट आणि किनाऱ्यावरच्या कचेऱ्यांचे कागद रेकॉर्ड ग्रुप १८१ मध्ये, बांधणी-दुरुस्तीचे नकाशे आणि पत्रव्यवहार रेकॉर्ड ग्रुप १९ मध्ये. आणखी एक युक्ती: टगने ज्या जहाजाला हात दिला त्याचा अहवाल काढा. होगाने मदत केलेलं दुरुस्ती-जहाज व्हेस्टल आणि युद्धनौका नेवाडा, दोन्ही कमिशन झालेली जहाजं होती. टगचं नाव नसलं तरी 'एका टगने दोर दिला' एवढी ओळ वेळेसकट सापडू शकते.

हॉसर:
७ डिसेंबर १९४१, म्हणजे पर्ल हार्बरवर जपानी हल्ला झाला त्या दिवसाच्या ओळीत हा क्रम धरा. युद्धनौका ॲरिझोनाला खेटून व्हेस्टल बांधलेलं होतं. ॲरिझोना फुटल्यावर व्हेस्टलवरच्यांनी तिच्याशी बांधलेले दोर तोडले, होगाने दोर देऊन व्हेस्टलचं नाक बाहेर ओढलं. व्हेस्टल पुढे बंदरातल्याच आइए भागाच्या उथळ पाण्यात चढवलं गेलं. नंतर होगा नेवाडाकडे गेली. नेवाडा हॉस्पिटल पॉइंटला टेकली होती, तिथून तिला वाहतुकीचा मार्ग ओलांडून समोरच्या वाइपिओ किनाऱ्याच्या बाजूला नेलं, आगीवर पाणी मारलं. मग ॲरिझोनाची आग. सलग ७२ तास. फेब्रुवारी १९४२ मध्ये पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल निमित्झ यांनी टगच्या खलाशांची लेखी प्रशंसा केली.

शंभर फुटांची बोट असं काम करू शकली त्यात यंत्राचा वाटा मोठा. होगाची डिझेल इंजिनं पाण्याखालचा पंखा थेट फिरवत नाहीत. ती जनरेटर चालवतात, आणि त्या विजेवर चालणारी मोटर पंखा फिरवते. त्यामुळे कमी फेऱ्यांतही पूर्ण जोर मिळतो आणि उलट जायला इंजिन थांबवावं लागत नाही. थेट जोडलेल्या, उलट फिरणाऱ्या जुन्या डिझेलला दर वेळी बंद करून हवेच्या दाबाने पुन्हा चालू करावं लागतं. दर बदलाला टाकीतली हवा खर्च होते, आणि जळत्या जहाजाच्या कुशीत ती संपली तर टग नुसती तरंगत राहते.

कालरेषा:
आभार. मग 'सोतोयोमो'चंही असंच का? ७ डिसेंबरच्या टगमध्ये नाव आहे, आणि युद्धानंतरच्या यादीतही.

सुकाणू:
नाही, तिथे उलटा फास आहे. नाव एक, बोटी दोन. वायटी-९ सोतोयोमो त्या दिवशी विनाशिका शॉबरोबर तरत्या गोदीत होती. तिथेच बुडाली, मग वर काढून दुरुस्त केली. दुसरी एटीए-१२१, समुद्रात ओढकाम करणारी टग. युद्धकाळात एटीए टगांना नावंच नव्हती, नुसते आकडे. १९४८ मध्ये नावं वाटली गेली तेव्हा १२१ च्या वाट्याला हे आलं. म्हणून १९४५ च्या कागदात 'एटीए-१२१' असंच शोधा. आणि एटी, एटीए, एटीएफ या समुद्री टगांच्या वर्गांचे आकडे वायटीच्या आकड्यांशी जुळवायला जाऊ नका, ती रांग वेगळी.