ताईंची लोकसभेतली भाषणं: शोधायची कुठे, वाचायची कशी?

रामबागकर, इंदूर

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासवर्गासाठी सुमित्राताई महाजनांच्या लोकसभेतल्या कामावर टिपण करायचं आहे. १९८९ ते २०१९, सलग आठ लोकसभा, एकच मतदारसंघ. वर्षवार तक्ता मांडायचा विचार होता: प्रश्न किती, भाषणं किती, विषय कोणते. पण संसदेच्या डिजिटल लायब्ररीत नाव टाकलं की नोंदींचा ढीग येतो, आणि बऱ्याच नोंदींत ताईंचं धड एक वाक्यही सापडत नाही. १९९९ नंतरच्या लोकसभेत तर त्यांच्या नावावर प्रश्नच दिसत नाहीत. शिवाय हिंदी भाषण पीडीएफमधून कॉपी केलं की भलतीच चिन्हं उमटतात. धोरणांवरचं त्यांचं काम नेमकं वेगळं कसं काढावं?

लोकमान्यनगर

तक्त्याचा नाद आधी सोडा. त्या वेळी खासदाराकडे कोणती जबाबदारी आहे, त्यावर सभागृहातलं त्याचं काम ठरतं, आणि ताईंच्या बाबतीत ती तीन वेळा बदलली. १९९९ पर्यंत त्या साध्या सदस्य. मग २००४ पर्यंत वाजपेयी सरकारात राज्यमंत्री: मनुष्यबळ विकास, नंतर दळणवळण व माहिती तंत्रज्ञान, शेवटी पेट्रोलियम. २००४ ते २०१४ विरोधी बाकावर आणि स्थायी समितीच्या (खात्यांची विधेयकं, कामं तपासणाऱ्या खासदारांच्या समितीच्या) अध्यक्ष. ६ जून २०१४ पासून लोकसभेच्या अध्यक्ष. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. म्हणून त्या वर्षांसाठी ‘प्रश्नकर्ता’च्या रकान्यात शोधू नका. मंत्रालयाचं नाव आणि वर्ष टाका, उत्तरावर उत्तर देणाऱ्या मंत्र्याचं नाव छापलेलं असतं.

रिकाम्या नोंदींची कारणंही ठरलेली आहेत. शून्य प्रहरात (तातडीचे विषय मांडायच्या वेळेत) दुसऱ्या कुणी मांडलेल्या विषयाशी ‘संबद्ध’ झालेल्या सदस्यांची नावं खाली येतात, बोललेलं काहीच नसतं. समितीचा अहवाल पटलावर ठेवला की तीही नोंद. व्यवधानात एखादं वाक्य नोंदलं गेलं तरी नाव लागतं. उलट, ‘भाषण सभापटलावर ठेवलं’ असा तारांकित शेरा असेल तर मजकूर पूर्ण असतो, पण तो सभागृहात बोललेला नसतो. ही नोंद ठेवा, पण तसं लिहून ठेवा.

आता खरं घबाड. २००९ ते २०१४ मध्ये ताई ग्रामीण विकासाच्या स्थायी समितीच्या अध्यक्ष होत्या. भूसंपादनाचं विधेयक ७ सप्टेंबर २०११ ला लोकसभेत आलं, तिथून समितीकडे गेलं आणि मे २०१२ मध्ये समितीचा ३१वा अहवाल आला. खासगी कंपन्यांसाठी आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या प्रकल्पांसाठी सरकारनं जमीन संपादित करू नये, अशी शिफारस त्यात आहे. सरकारनं ती जशीच्या तशी घेतली नाही. कायद्यात खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट आली. रेल्वे, महामार्ग, कोळसा वगैरे जुन्या कायद्यांना दिलेली सूट समितीला खटकली होती. अंतिम कायद्यात ते १३ कायदे चौथ्या अनुसूचीत राहिले, मात्र भरपाई आणि पुनर्वसनाच्या तरतुदी वर्षभरात त्यांनाही लागू करायचं कलम १०५(३) मध्ये आलं.

तेव्हा चार कागद शेजारी-शेजारी ठेवा: मूळ विधेयक, समितीचा अहवाल, सरकारनं मांडलेल्या दुरुस्त्यांची यादी, आणि संमत कायदा. २९ ऑगस्ट २०१३ ची लोकसभेतली चर्चा त्यानंतर वाचा. अहवालाच्या परिशिष्टात बैठकांची इतिवृत्तं असतात, तीही सोडू नका: कोणत्या खात्याला कधी बोलावलं, साक्षीला कोण आलं, हे तिथेच कळतं. एक सावधगिरी मात्र हवीच. अहवाल साऱ्या समितीचा असतो. ‘ताईंनी शिफारस केली’ असं लिहू नका, ‘ताईंच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं’ असं लिहा. कुणाचा वेगळा सूर असेल तर त्याची असहमतीची टिप्पणी शेवटी जोडलेली असते.

छावणी_वाचक

चिन्हांचं उत्तर: त्या पीडीएफमधली हिंदी जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहे. पडद्यावर देवनागरी दिसते, आत मात्र रोमन कीबोर्डच्या खुणा असतात. त्यामुळे देवनागरीत शब्द टाकून शोधलात तरी काही मिळत नाही, आणि माणसाला वाटतं विषय निघालाच नव्हता. पान ३०० डीपीआयवर (ठळकपणे) चित्र म्हणून काढा आणि टेसरॅक्ट या संगणक-साधनात हिंदी व इंग्रजी दोन्ही भाषा निवडून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात येतील. छापील खंड दोन स्तंभांचे आहेत, म्हणून आधी पान उभं कापून डावा आणि उजवा भाग वेगळे करा, नाहीतर दोन भाषणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. अंक हातानं तपासा. ३ आणि ८ ची गल्लत नेहमीची.

दुसरं, हिंदी आवृत्तीच घ्या. इंग्रजी आवृत्तीत हिंदी भाषणाचा अनुवाद असतो आणि खंडाच्या सुरुवातीलाच छापलेलं असतं की हिंदीत झालेलं कामकाज हिंदी आवृत्तीतलंच अधिकृत मानावं. ताई बहुतेक हिंदीत बोलत, तेव्हा उद्धरण तिथूनच घ्या. जुन्या खंडांत संदर्भ पानाचा नसून स्तंभाचा द्यायचा असतो.

रामबागकर, इंदूर

दोघांचेही आभार, भूसंपादनापासूनच सुरुवात करतो. रेल्वेचं काय करू? इंदूर-दाहोद मार्ग वर्गात सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. ‘दाहोद’ टाकून फारच थोडं मिळालं. आणि नियम ३७७ खाली (सदस्यानं सरकारच्या कानावर घालायचे विषय) मांडलेल्या विषयांना उत्तरच दिसत नाही. सरकारनं दखल घेतली नाही, असं समजायचं का?

सुदामानगर

अजिबात नाही. नियम ३७७ खालचं निवेदन जास्तीत जास्त २५० शब्दांचं असतं आणि त्यावर सभागृहात उत्तर द्यायची पद्धतच नाही. मंत्रालय त्या सदस्याला पत्रानं कळवतं. ते पत्र कामकाजात छापलं जात नाही, म्हणून तिथे कोरं दिसतं. अशा विषयाचा माग काढायचा तर नंतरच्या एक-दोन अधिवेशनांत त्याच विषयावर अतारांकित (फक्त लेखी उत्तराचा) प्रश्न कुणी विचारला का ते पाहा. प्रश्न दुसऱ्याच खासदाराचा असला तरी स्थिती तिथे लेखी मिळते. एका दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, त्यामुळे माहितीचा साठा अतारांकितमध्येच. तारांकित घेतलात तर उत्तरावर लगेच विचारलेले पूरक प्रश्न वाचा, मंत्र्याचा खरा कल तिथे दिसतो. पण यादीतले मोजकेच तारांकित प्रश्न तोंडी पुकारले जातात, उरलेल्यांची उत्तरं फक्त लेखी.

दाहोदसाठी ‘दोहद’ही टाकून बघा, जुन्या कागदांत तसंच आहे. झाबुआ, धार, पीथमपूर ही नावंही टाका. मार्ग सुमारे २०५ किलोमीटरचा, मंजुरी २००७-०८ ची, भूमिपूजन फेब्रुवारी २००८ चं. त्याआधीच्या वर्षांत शब्द ‘सर्वेक्षण’, नंतर ‘निधी’ आणि ‘भूसंपादन’. शोधशब्द काळाप्रमाणे बदलले की नोंदी वाढतात. वेगळा रेल्वे अर्थसंकल्प २०१६ पर्यंत होता, म्हणून तोवर दर वर्षी रेल्वेवरची सर्वसाधारण चर्चा वेगळी सापडेल. २०१७ पासून ती रेल्वेच्या अनुदानाच्या मागण्यांखाली (खात्याच्या खर्चाला मंजुरीच्या चर्चेत) पाहावी लागते.

भाषणामुळे काही हललं का, हे तपासायचं तर रेल्वेचं पिंक बुक (कामवार खर्चाची यादी) घ्या. त्यात प्रत्येक कामापुढे एकूण अंदाजित खर्च, आजवरचा खर्च आणि येत्या वर्षाची तरतूद असते. भाषणाच्या वर्षाची आणि पुढच्या वर्षाची तरतूद लावून बघा. तरतूद वाढली म्हणजे भाषणामुळेच वाढली असं मात्र म्हणता येत नाही. पश्चिम रेल्वेच्या सगळ्याच नव्या मार्गांची वाढली असेल तर ती एकूण वाढ. निदान शेजारच्या दोन प्रकल्पांचे आकडे सोबत ठेवा.

लोकमान्यनगर

२०१४ ते २०१९ बद्दल राहिलं होतं. अध्यक्ष चर्चेत बाजू घेत नाहीत आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० प्रमाणे मतं समसमान पडली तरच मत देतात. त्यामुळे इथे भाषणं शोधणं व्यर्थ, निर्णय शोधा. धोरणावर थेट परिणाम झालेला निर्णय म्हणजे २०१६ चं आधार विधेयक. अनुच्छेद ११०(३) खाली ताईंनी ते धन विधेयक (सरकारी पैशाबाबतचं विधेयक) ठरवलं, त्यामुळे राज्यसभेला फक्त शिफारशी करता आल्या. १६ मार्च २०१६ ला राज्यसभेनं सुचवलेल्या पाचही दुरुस्त्या लोकसभेनं त्याच दिवशी फेटाळल्या. त्या दिवशीचं दोन्ही सभागृहांचं कामकाज सोबत वाचा आणि २६ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही घ्या. बहुमतानं धन विधेयकाचा दर्जा मान्य केला, न्या. चंद्रचूड यांनी असहमती नोंदवली. माझ्या मते टिपणात याला भूसंपादनाइतकीच जागा हवी. टीका असेल तीही घाला, नाहीतर ते गौरवपर लेखन होईल.

बाकी, २५ काँग्रेस खासदारांचं ३ ऑगस्ट २०१५ चं निलंबन नियम ३७४क (सभागृहात गोंधळ घालणाऱ्यांसाठीचा नियम) खालचं. २०१८ च्या मार्चमध्ये गोंधळामुळे अविश्वासाच्या नोटिसा घेतल्या गेल्या नाहीत, जुलैत घेतली आणि २० जुलैला ठराव १२६ विरुद्ध ३२५ नं पडला. दोन्हींसाठी नियमांचं पुस्तक उघडं ठेवून वाचा. अविश्वासाच्या परवानगीला ५० सदस्य उभे राहावे लागतात, आणि गोंधळात ते मोजता येत नाहीत, हाच त्या वेळचा मुद्दा होता.