कोरियन पाहुण्यांसमोर ‘-म्निदा’ लावायचं की ‘-यो’?

अंबड_क्वालिटी: अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. नव्या मशीनच्या ट्रायलला कोरियाहून इंजिनियर येतायत, त्यात एक बरेच सिनियर. लाइनवरचं रिजेक्शन मला कोरियनमधून मांडायचंय. क्रियापदाच्या शेवटी लागणारं ‘-यो’ माझं पक्कं आहे, पण एचआर म्हणतं, त्याजागी जास्त औपचारिक ‘-म्निदा’च हवं. ‘-यो’ने अपमान होतो का? चहाच्या वेळीही ‘-म्निदा’च का?

कॉलेजरोड_२२: ‘-यो’ही आदराचंच. ते गाळलं की अरेतुरे होतं. दुकानात, बसमध्ये सर्रास ‘-यो’च चालतं.

सिन्नरची_दुभाषी: एचआरचं बरोबर आहे, पण रिपोर्टपुरतंच. मराठीत ‘पाऊस पडतोय’ मित्राला सांगा नाहीतर साहेबांना, क्रियापद तेच. कोरियनमध्ये ऐकणारा बदलला की शेवट बदलतो: मित्राला ‘पिगा वा’, शेजारच्या काकूंना ‘पिगा वायो’, बातम्यांत ‘पिगा ओम्निदा’. त्यामुळे चारचौघांत उभं राहून बोलताना आणि पहिल्या ओळखीला ‘-म्निदा’. सैन्यातली बोली तर मुख्यतः हीच.

तुम्हाला लागणारं वाक्य बघा: ‘पुल्ल्यांग-ई नावास्सुम्निदा’, म्हणजे डिफेक्ट निघालाय. क्रियापदाचा आधीचा भाग व्यंजनाने संपला की ‘-सुम्निदा’, स्वराने संपला की ‘-म्निदा’. प्रश्न असेल तर ‘-म्निक्का’. लिपीत तिथे ‘प’ दिसतो, पण पुढच्या ‘न’मुळे उच्चार ‘म’ होतो. ‘प्निदा’ ऐकलं की कानाला लागतं, एवढं नक्की घोटून घ्या.

आणि कॅन्टीनला नेताना ‘कप्सिदा’ (चला, जाऊया) नको. पुस्तकात ते याच औपचारिक रकान्यात असतं, म्हणून मुलं बिनधास्त वापरतात, पण वरिष्ठांना ते खटकतं. त्याऐवजी त्याच अर्थाचं, मानाचं ‘कासिज्यो’ म्हणा. त्यातला ‘सि’ समोरच्याच्या मानाचा असतो, स्वतःबद्दल बोलताना तो कधीच लावू नका.

चहाला बसलात की खुशाल ‘-यो’वर या. कोरियन माणसंही एकाच बोलण्यात दोन्ही मिसळतात. सगळीकडे ‘-म्निदा’ लावलंत तर समोरचा मोकळा होत नाही, आणि मशीनची खरी अडचण चहावरच कळते.

अंबड_क्वालिटी: मनापासून आभार ताई! एका जुन्या पुस्तकात ‘-सुम्निदा’च्या जागी ‘-उम्निदा’ छापलंय. ते चुकीचं का?

सिन्नरची_दुभाषी: जुनं लेखन आहे. 1988 च्या नियमांत ‘-सुम्निदा’ हेच प्रमाण ठरलं. स्लाइडवर तेच लिहा. स्लाइड आधी इथे टाकलीत तर शेवट तपासून देते.