घराणेशाही वर्गात कशी शिकवली? अनुभव लिहा

सातवीला इतिहास शिकवते. वंशावळ फळ्यावर काढली की निम्मा वर्ग जांभया देतो, म्हणून यंदा पाच गट केले, प्रत्येकाला एक पेशवा दिला आणि काम एकच, पेशवाईची वस्त्रं मिळाली तेव्हा वय काय होतं ते शोधून आणा. माधवराव १६ चे निघाले. मागच्या बाकावरून लगेच, "मॅडम, ह्यांना तर कारचं लायसन पण नसतं मिळालं!" सवाई माधवराव तर ४० दिवसांचे, मग एकीने विचारलं सही कोण करायचं, आणि तिथून बारभाई (त्यांच्या नावाने कारभार चालवणारं मंडळ), नाना फडणवीस सगळं पोरांनीच हुडकलं. त्यावर एकजण म्हणाला आमच्या गावात पण असंच, सरपंच काकू आहेत पण मीटिंगला काका बसतात. पुढचं पाठ टाचण गेलं उडत. तुमचे किस्से लिहा, फसलेले पण चालतील.

*

मी सातारकडचा, आठवीला शिकवतो. १८४८ ला साताऱ्याचं दत्तक नामंजूर करून कंपनीने राज्य खालसा केलं, हे पोरं घोकतात फक्त. मी म्हटलं घरी विचारून या, आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद कशी झाली. एका गटाने चक्क फेरफारची झेरॉक्स आणली, आणि कुणाच्या चुलत्याने किती हेलपाटे घातले ते पण. मला वाटलं जमलं, तर एक मुलगी उठून म्हणते, सर पण तलाठी नोंद अडवून जमीन स्वतःच्या नावावर नाही ना करून घेत, कंपनीने तर तेच केलं. माझ्यापेक्षा तिलाच जास्त कळलं होतं 😄

*

इथे ब्रिटनमध्ये रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. इकडच्या मुलांना राजकन्या शार्लट माहीत असते, २०१५ ला मुलगा-मुलगी भेद न करणारा वारसाचा नवा कायदा लागू झाला म्हणून गादीसाठी तिचा नंबर धाकटा भाऊ लुईच्या आधी लागतो. त्याला जोडून ताराबाई घेतल्या. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले, मुलगा लहान, गादी त्याच्या नावाने आणि औरंगजेबाशी लढाई चालवली ह्यांनी. वरच्या सरपंच काकूंचं बरोब्बर उलटं! काकूंना तान्ह्या सवाई माधवरावांच्या रांगेत बसवलेलं मला नाही पटलं, त्यांना कारभार जमत नाही असं थोडंच आहे, करू देत नाहीत.

*

माझा फसलेला. नववीच्या गटांना म्हटलं आजची उदाहरणं आणा, तर आमदारांच्या तीन पिढ्या फोटोसकट चार्टवर! दुसऱ्या दिवशी एका पालकांचा फोन, संध्याकाळी चार्ट खाली. पण त्याआधी वर्गात जे भांडण झालं ते भारी होतं. "ते निवडून येतात, राजा नाहीत." "हो पण तिकीट कुणाला मिळतं?" चार्ट कपाटात गुंडाळून ठेवलाय, टाकवत नाही.

*

ब्रिटनवाल्या ताई, मुद्दा मान्य, उद्याच वर्गात विचारते. फक्त काल कळलं की तो पोरगा त्याच काका-काकूंचा सख्खा पुतण्या आहे, त्यामुळे माझा पण चार्ट खाली यायची शक्यता धरून चाला.